सात पोस्टकार्डं आणि रडणारी पिशवी

टीव्हीवरच्या एका मालिकेचा मी न पाहिलेला भाग होता. त्यावर मी सात पोस्टकार्डं लिहिली, सात खोट्या नावांनी, आणि सातही कार्डांत त्या भागात नसलेल्या शेवटाची टर उडवली.

ज्याच्या कथेवर तो भाग बेतला होता तो माझा मित्र. तो अकोल्याचा, मी अमरावतीचा. तो माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, मी हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. दोघांनाही विज्ञानकथा लिहायची खाज. अख्ख्या वऱ्हाडात ही खाज असलेली माणसं मला तरी दोनच ठाऊक होती, आणि त्यातला एक मी असल्यामुळे दुसऱ्यावर नजर ठेवणं भाग होतं.

आमची भेटायची एक रीत होती. मी अकोल्याला गेलो तर अकोला मोठं ठरणार, तो इकडे आला तर अमरावती. म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी, माझी सकाळची शाळा सुटली की दोघांनी पॅसेंजर धरून मूर्तिजापूरला यायचं. अर्धी वाट त्याची, अर्धी माझी. फलाटाच्या टोकाला लिंबाखाली एक बाक होतं. तिथे बसून एकाने कच्चा खर्डा वाचायचा, दुसऱ्याने काय कापायचं ते सांगायचं. नियम दोनच. बाकावर वाचलेलं तिसऱ्या माणसाला दाखवायचं नाही, आणि दुसऱ्याचं ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. सोळा-सतरा वर्षं आम्ही एकमेकांच्या कथा अशा सोलून काढल्या. त्याच्या जास्त सोलाव्या लागत, असं मी तेव्हा मानत होतो.

मग ती मालिका आली. दर रविवारी दिवेलागणीला अर्धा तास, दर वेळी वेगळी कथा, आणि कथा सगळ्या मराठीतल्या, दिवाळी अंकांतून उचललेल्या. लेखकांनी आपापल्या कथा पाठवाव्यात असं आवाहन निघालं. आम्ही दोघांनी एकाच शनिवारी, मूर्तिजापूरच्याच पोस्टातून, आपापली पाकिटं टाकली. माझी कथा गुरू ग्रहाच्या एका चंद्रावर लावलेल्या संत्र्याच्या बागेची होती. तिथे चोवीस तास वीज असे. त्यातली मुख्य विज्ञानकल्पना हीच, असं मित्र म्हणायचा.

त्याच्या कथेत प्रयोगशाळेतला एक कारकून होता. शेतकरी कापडी पिशवीत माती आणतात, नमुना म्हणून. एका पिशवीतली माती यंत्रात घातली की वावरात आजवर जे जे बोललं गेलं ते ऐकू येतं. बैलांना दिलेल्या शिव्या, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची भांडणं, मेलेल्या बापाचा खोकला. मालिका यायच्या आधी बाकावर त्याने ही कथा वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की शेवट भिकार आहे. शेवटी ती पिशवी रडायची. आतून ओली व्हायची आणि कारकुनाच्या टेबलावर पाणी टपकायचं.

"पिशवी रडते?" मी म्हणालो. "काप हे. कारकून काही बोलला नाही तरी चालते, पण पिशवी रडली नाही पाहिजे."

"नाई कापत," तो म्हणाला. "तेच त कथेचं काळीज होय."

"काळीज नाही बे, हुंदका आहे. काप."

त्याने कागद गुंडाळले आणि त्या दिवशी चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरली. तो रुसला की असाच जायचा. मला वाटलं, आता मुद्दाम कापणार नाही.

पुढे त्याची कथा दिवाळी अंकात आली. मी अंक विकत आणला आणि पुस्तकांच्या मागच्या रांगेत उभा करून ठेवला. वाचला नाही. वाचला असता आणि कथा चांगली निघाली असती, तर संबंध दिवाळी खराब गेली असती. त्याला मात्र कळवलं, "वाचली. ठीक." मग मालिकेने तीच कथा घेतली. मला आलं ते छापील कार्ड: आपली कथा विचाराधीन आहे. ते कार्ड मी काचेखाली, टेबलावर ठेवलं. पाहुणे आले की त्यांचा चहाचा कप मी नेमका त्याच्या शेजारी ठेवायचो. आठ महिने ती कथा विचाराधीन होती, आणि त्या आठ महिन्यांत पोस्टमनची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली की माझा हात खडूसकट थांबायचा. शाळा घरासमोरच होती, हे आमच्या विद्यार्थ्यांचं दुर्दैव.

त्यातच मित्राचं पत्र आलं की मुंबईला मालिकावाल्यांनी बोलावलंय, जाऊन येतो, तुझ्या संत्र्याच्या कथेची एक सुवाच्य प्रत पाठव. माझी प्रत त्याला कशाला हवी? दोन दिवस विचार केला. माझ्या चंद्रावर त्याचा कारकून उतरवायचा बेत असावा, असा निष्कर्ष निघाला. नाही म्हणता येईना, म्हणून प्रत पाठवली, पण प्रत्येक पानाच्या चारही कोपऱ्यांत माझं नाव लिहून.

आणि तो रविवार उजाडला. ते दिवस भारनियमनाचे. आमच्या भागात संध्याकाळी वीज जायची ती नेमकी मालिकेच्या वेळेला. कापसाला भाव नाही, विहिरींना पाणी नाही आणि तारांत करंट नाही, अशी ती वर्षं होती. पण गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा एक काळा-पांढरा टीव्ही बसवला होता, आणि रविवारी दुकानासमोर सतरंजी टाकायचे. त्या दिवशी गल्लीतलं पोरसोर, बायामाणसं सगळी तिथे. माझी बायकोही.

"येता न?" तिने दारातून विचारलं.

"डोकं दुखते."

"त्याईची कथा लागली की तुमचं डोकं दुखते," ती म्हणाली आणि पदर खोचून गेली.

मी अंधारात बसलो. सतरंजीवरून आवाज येत होते. एकदा सगळे हसले. एकदा कोणीच काही बोललं नाही, बराच वेळ. ती शांतता मला हसण्यापेक्षा जास्त बोचली. माझ्या वर्गात मी पंचवीस वर्षं तेवढी शांतता मिळवू शकलो नव्हतो. मग शेवटी एकदम गलका झाला, आणि दोन फटके ऐकू आले. काहीतरी जोरात बडवल्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना चाचा दुकानाची फळी काढत होते.

"मास्तर, तुम नहीं आये? पूरी गल्ली बैठी थी. तुम्हारे दोस्त की कहानी!"

"कशी होती?"

"अरे क्या बताऊं. आखिर में तो मैंने टीव्ही को दो थप्पड मारे!"

माझ्या मनात घंटा वाजली. पिशवी रडली आणि चाचांनी वैतागून टीव्हीला थापडा मारल्या! मी म्हणालो होतो न!

"काहून की आखिर में वो बाबू..." चाचा पुढे सांगू लागले.

"शेवट मला माहीत आहे चाचा," मी त्यांना अडवलं. "छापायच्या आधीपासून माहीत आहे." आणि पुढे निघालो. रात्री बायको काही सांगू पाहत होती तिलाही मी असंच थांबवलं होतं. चांगलं ऐकायची माझी तयारी नव्हती आणि वाईट काय ते मला ठाऊकच होतं.

दर रविवारी भागाच्या शेवटी प्रेक्षकांची पत्रं वाचत. तिसऱ्या तासाला, मुलांना प्रकाशाच्या परावर्तनावर टिपण लिहायला देऊन, मी पहिलं पोस्टकार्ड लिहिलं. मग राहवेना. सात झाली. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक संत्राबागायतदार, एक शिवणकाम करणारी बाई, एक कॉलेजकुमार, असे सात प्रेक्षक मी जन्माला घातले. दोन कार्डं डाव्या हाताने लिहिली. एक हिरव्या शाईने. बाईंच्या कार्डावर एक डाग पाडला, भाजीचा. आणि सगळ्यांनी आपापल्या परीने एकच म्हटलं: कथा बरी होती, पण शेवटी पिशवी रडते हे हास्यास्पद. मातीला डोळे कोठून आले? आमच्या गल्लीत एका गृहस्थाने रागाने टीव्हीला थापडा मारल्या.

सातही कार्डांवर एकाच पोस्टाचा शिक्का बसला तर पकडलो जाऊ, हे मला सुचलं. इतका मी हुशार होतो. दोन कार्डं अमरावतीत टाकली. दोन वलगावला, सायकल मारत जाऊन. परतवाड्याला एका सहकाऱ्याच्या घरचं बारसं होतं. एरवी मी अशा ठिकाणी आहेर बायकोच्या हाती धाडतो, पण या वेळी एसटीत उभा राहून गेलो आणि दोन कार्डं टाकून आलो. सातव्यासाठी कौंडण्यपूर काढलं. "चल, देवीचं दर्शन घेऊ," असं म्हटल्यावर बायको माझ्याकडे बघतच राहिली. वर्धेच्या काठावर तिने हात जोडून माझ्या सुबुद्धीसाठी काहीतरी मागितलं. मी तोवर पोस्टाची लाल पेटी शोधत होतो.

पत्रं वाचली जायची त्या रविवारी मी चाचांच्या सतरंजीवर सगळ्यात पुढे. माझ्या सातांतलं एकही पत्र वाचलं नाही. "या कथेवर अमरावती जिल्ह्यातून काही नाराजीची पत्रं आली आहेत," एवढंच ती निवेदिका म्हणाली. त्या एका वाक्यावर मी तो आठवडा काढला. भाकरीसुद्धा गोड लागली.

मग मित्राचं कार्ड आलं: पत्रांचा गठ्ठा मालिकावाल्यांनी माझ्याकडे पाठवलाय, ये, मिळून वाचू. मूर्तिजापूर नको, घरीच ये. पाटोडीचा बेत आहे.

सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा मी अर्धी वाट ओलांडून पूर्ण अकोल्याला गेलो. गाडीत स्वतःला सांगितलं की ही माझी उदारता आहे. खरं कारण म्हणजे मला त्याचा चेहरा बघायचा होता, माझी कार्डं वाचताना.

वहिनींनी दारातच पाणी दिलं. "या भाऊजी. आज मोठ्ठा दिवस, तुमी अकोल्याले आले!" पाटोडीचा रस्सा इतका झणझणीत होता की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाहणाऱ्याला वाटलं असतं मित्राच्या यशाने गहिवरलाय. मग मित्राने सतरंजीवर गठ्ठा सोडला. शंभराच्या वर पत्रं असतील. माझी सात सोडली तर ही एवढी कोणी लिहिली?

तो वाचू लागला. एकाने विचारलं होतं, "सदर यंत्र कोठे मिळते व त्यावर अनुदान आहे काय?" असं विचारणारी, त्याने सांगितलं, बावीस पत्रं आहेत. दुसऱ्याने लिहिलं होतं, माझ्या वावरातली माती बोलत असेल तर तिला एकच विचारा, धुऱ्यावरचं चिंचेचं झाड आमचं की चुलत्याचं? कोर्टात चौदा वर्षं झाली. एका निवृत्त मास्तरांनी माती परीक्षणाच्या तीन तांत्रिक चुका काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, तरीही त्या रात्री वावरात जाऊन उभा राहिलो, काही बोललो नाही.

"आणि हे पाय," तो म्हणाला. त्याने फडताळातून एक कापडी पिशवी काढली. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं. "भाग लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या प्रयोगशाळेत. एकट्याच. म्हणे, माह्या घरचा माणूस वावरात बैलाईसंगं लय बोलायचा. पोळ्यापासून बैलबी नाई अन् तोबी नाई. यंत्रात घालून पाहा. मी म्हणलं, मावशी, ते गोष्टीतलं होय. म्हणे, असू द्या न, ठेऊन घ्या."

"मग?"

"मग काय. तठी ठेवली असती त कोणी तपासली असती. म्हणून घरी आणली."

वहिनींनी पिशवी घेऊन परत फडताळात ठेवली, दोन्ही हातांनी, झोपलेलं लेकरू ठेवावं तशी. आणि आता मला खरं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्या क्षणी माझ्या मनात त्या बाईंचा विचार आला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दुसरा आला. माझ्या संत्र्याच्या बागेसाठी असं पिशवी घेऊन कोणी आलं नसतं. मला त्या पिशवीचा हेवा वाटला. एका मूठभर मातीचा.

"आता हे सात," मित्र म्हणाला. वेगळी बांधलेली पोस्टकार्डं त्याने वहिनींच्या हातात दिली. "हे तू वाच."

वहिनींनी पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याला थांबल्या.

"बाप्पा! हे लोकं पिशवी रडते, पिशवी रडते काहून म्हणून रायले? पिशवी कोठी रडते?"

मी म्हणालो, "म्हणजे? शेवटी रडतेच न."

"नाई भाऊजी. शेवटी तो बाबू पिशवीचं तोंड बांधते अन् फारमावर लिहाले बसते. शेरा म्हणून रकाना असते, तो कोराच ठेवते. टीव्हीवर बी तसंच दाखोलं. कोरा रकाना, किती तरी वेळ. काहीच हालत नाई, आवाज नाई. आमच्या शेजाऱ्याईले वाटलं टीव्हीच बंद पडला."

टीव्हीच बंद पडला. चाचांच्या दोन थापडा मला आता अकोल्यात बसून ऐकू आल्या.

"रडाचं त पयले होतं," वहिनी अगदी सरळ मनाने सांगत होत्या. "तुमीच म्हणलं होतं न काप म्हणून? त्या शनवारी हे घरी आले, जेवले नाई, बसले, अन् ते दोन पानं फाडून चुलीत घातले. म्हणे, मास्तर बरोबर बोलला, पण त्याले सांगजो नको. अंकात बी नव्हतं ते. मंग या लोकाईले कसं काय..."

त्या थांबल्या. हातातलं हिरव्या शाईचं कार्ड त्यांनी जरा लांब धरलं. मग जवळ धरलं. मग माझ्याकडे पाहिलं.

रडणाऱ्या पिशवीबद्दल जगात तिघांना ठाऊक होतं. दोघं या घरात राहत होते.

मी डाव्या हाताने लिहिलं, डाग पाडला, वर्धेच्या काठापर्यंत गेलो, आणि अंक मात्र पुस्तकांमागून काढला नाही. मित्राकडे बघवेना. तो सुपारी कातरत होता.

"मले पयल्याच कार्डावर समजलं होतं," तो म्हणाला. "मंग म्हटलं पाहू, किती जणं होते."

"गड्या," मी म्हणालो, "चुकलो."

"ते जाऊ दे. थापडांचं खरं होय काय?"

"खरं आहे. पण त्यांनाही वाटलं टीव्ही बंद पडला."

तो हसला. मोकळा हसला, आणि मला बरं वाटतंय तेवढ्यात त्याने उशाखालून एक जाडसर पाकीट काढलं. "हे तुह्यं होय. माह्या पत्त्यावर आलं, काहून की मी देल्लं होतं नेऊन."

आत माझी संत्र्याची बाग होती. प्रत्येक पानाच्या चारही कोपऱ्यांत माझं नाव. सोबत मालिकावाल्यांचं पत्र, त्याला लिहिलेलं: आपण स्वतः आणून दिलेली व आग्रहाने सुचवलेली आपल्या मित्राची कथा आम्ही जवळजवळ निश्चित केली होती. तथापि आपल्या भागाबद्दल अमरावती जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांहून व निरनिराळ्या थरांतील प्रेक्षकांची प्रतिकूल पत्रे आली. त्या जिल्ह्यातील प्रेक्षकांना विज्ञानकथा रुचत नसल्याचे दिसते. तरी अमरावतीच्याच लेखकाची कथा तूर्त घेऊ नये, असे ठरले आहे.

ते मी दोनदा वाचलं. निरनिराळी गावं माझी होती. निरनिराळे थरही माझेच. मुंबईला तो माझी कथा घेऊन गेला होता आणि मी इकडे माझ्या चंद्रावर पहारा देत बसलो होतो.

"काय लिहिलं?" वहिनींनी विचारलं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग सातही पोस्टकार्डं गोळा केली, गठ्ठा सरळ केला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"सात नावं घेतली भाऊजी तुमी," त्या म्हणाल्या, "अन् सातई जणांनं मिळून एकच कथा पाडली, तेबी सोताचीच."